निषादची काळी चार

महाडात आणि आसपास गेल्या तीस वर्षांत जो कोणी चार लोकांसमोर गायला, त्याच्या शेजारी बहुधा शरदरावांची पेटी होती. सव गावच्या बायकांचं भजनी मंडळ घ्या, शिवथरच्या घळीतला उत्सव घ्या, नाहीतर निवृत्तीच्या समारंभात ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा गाण्याची हुक्की येते ते साहेब घ्या. हे साहेब लोक मुखडा एका पट्टीत उचलतात आणि अंतऱ्याला भलत्याच पट्टीत जाऊन पोचतात. शरदराव हूं की चूं न करता पेटीवर त्यांच्या मागोमाग सरकत. टाळ्या पडल्या की साहेबांना वाटे, आपल्याला जमतं की! असे किती जणांचे गैरसमज शरदरावांनी पोसले याची मोजदाद नाही.

पट्टी म्हणजे काही अवघड प्रकरण नाही. गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर आरामात बसतो, ती त्याची पट्टी. बायकांचा सा काळी चार (म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी), काळी पाचच्या आसपास, पुरुषांचा काळी एक, पांढरी दोनच्या. मुलगे मिसरूड फुटेपर्यंत आईच्या पट्टीत गातात आणि मग बापाच्या पट्टीत उतरतात. हे उतरणं मात्र जपून व्हावं लागतं. शरदरावांचा कान असा, की माणूस नुसता बोलला तरी ते त्याची पट्टी सांगत. बाजारात भाजी विकणाऱ्या ठकूबाईला त्यांनी एकदा कौतुकाने सांगितलं, "तुमची पांढरी चार बरं का!" ती म्हणाली, "माजं काय पांढरं नाय नि काळं नाय. भेंडी घ्यायची तर घ्या."

घरी चालणाऱ्या क्लासात ते एक गोष्ट पोरांच्या डोक्यात ठोकून ठोकून भरत. गळ्याला पट्टीकडे ओढत न्यायचं नाही, पट्टीला गळ्याकडे आणायचं. दम्याची म्हातारी आली तर तिच्यासाठी दोन सूर खाली घेत आणि तिला कळूही देत नसत. २०२१ च्या पुरात घरात छताला हात लागेल इतकं पाणी आलं आणि जुनी पेटी चिखलात सापडली, तेव्हा त्यांच्या मुलाने, निषादने, नवी पेटी आणली. तिचे सूर एक खिट्टी सरकवून खाली-वर होत. शरदरावांनी ती खिट्टी कधी सरकवली नाही. त्यांच्या बोटांना बाराही पट्ट्या सारख्याच पाठ होत्या. एवढा हा सगळ्यांसाठी खाली उतरणारा माणूस! आणि ज्याच्यासाठी उतरायला हवं होतं, त्याच्यासाठी एक सूर उतरला नाही. मला या माणसाचा राग येतो तो इथे.

शरदराव मूळचे पोलादपुराकडचे. वडील डोंगरातल्या एका वाडीवर शाळामास्तर. वाडीत मुरारीबुवा नावाचे भजनी बुवा होते, शेती करून गाणारे, अंगठेबहाद्दर आणि कानाने तयार. शरद लहानपणी त्यांच्या भजनात असा काही गाई, की बायका नाचणीचं दळण अर्धवट टाकून येत. पंधराव्या वर्षी आवाज फुटायला लागला आणि बुवांनी त्याला एका झटक्यात गप्प केलं.

"आता वरीसभर गायचं नाय," बुवा म्हणाले. "ही पेटी घे नि बडवत बस."

"पण बुवा, सप्त्यात माझा अभंग आहे."

"असूं दे. फुटल्याला गळा जुन्या पट्टीत वढलास तं मरतो. जन्माचा मरतो. माज्या भावाचा मेला हाय, मी बगितलाय."

शरद वर्षभर पेटी बडवत बसला. आवाज शाबूत राहिला, पण जो परत आला तो बेताचा होता, सभेत उठून दिसेल असा नव्हता. हात मात्र तयार झाला. अशा रीतीने ते पेटीवाले झाले. महाडला येऊन शाळेत संगीतशिक्षक म्हणून लागले, कालिंदीबाईंशी लग्न केलं, आणि मुलगा झाल्यावर त्याचं नाव हौसेने निषाद ठेवलं. मनात मात्र एक बोच राहिली. आपण जन्मभर दुसऱ्याच्या गाण्याला टेकू देणार, पुढे बसून गाणार ते दुसरेच.

निषाद सहाव्या वर्षापासून काळी चारमध्ये गाऊ लागला. त्याच्याविषयी काय सांगायचं? वरचा पंचम तो असा लावी, की ऐकणाऱ्याने श्वास घ्यायचं विसरावं. तालुका, जिल्हा, सगळीकडे पहिला. 'शरदरावांची साथ' हे शब्द मागे पडले आणि 'निषादचे वडील' असं लोक म्हणू लागले. शरदरावांना ते आपल्या नावापेक्षा गोड लागे.

मग चौदावं लागलं. सकाळच्या रियाजाला एक दिवस आवाज चिरकला. दुसऱ्या दिवशी मध्येच एका आवाजाचे दोन झाले. शरदरावांना पहिल्याच दिवशी कळलं. दुसऱ्याचं पोर असतं तर तिथेच पेटी मिटली असती. पण अलिबागची स्पर्धा दोन महिन्यांवर होती. तिथे जो पहिला येईल त्याला पुण्याला मोठ्या गवयांकडे शिकायला मिळणार होतं. आणि स्पर्धेची चीज, म्हणजे बंदिश, बसवलेली काळी चारमध्ये. काळी एकमध्ये उतरवून पाहिली तर ती अगदीच चारचौघांसारखी वाटली, सगळं तेज गेलेली. दोनच महिने काढायचे, मग हवी तेवढी विश्रांती, असं शरदरावांनी स्वतःला समजावलं.

"अहो, पोराचा गळा दुखतोय," कालिंदीबाई स्वयंपाकघरातून म्हणत. "खाली घ्या ना थोडी पट्टी."

"तुला त्यातलं कळत नाही," शरदराव म्हणत. खरं तर बाईंना सगळं कळत होतं, कारण मुरारीबुवांची गोष्ट त्यांनी नवऱ्याच्याच तोंडून दहा वेळा ऐकली होती.

निषाद तक्रार करणारा मुलगा नव्हता. हळदीच्या गुळण्या करायचा आणि बापासमोर येऊन बसायचा. स्पर्धेत त्याने वरचा पंचम लावला, तो अर्धा लागला, आणि मग गळ्यातून कापड फाटल्यासारखा आवाज आला. तो तरीही गात राहिला, नुसते ओठ हलत होते. विंगेत येऊन त्याने रुमालात थुंकलं तर त्यात रक्त होतं.

परतीच्या एस्टीत बापलेक शेजारी बसले होते. निषादने हातवारे करून, खुणेने विचारलं, असं का झालं? शरदरावांच्या तोंडात खरं उत्तर होतं. पण बाहेर आलं ते असं, "चिंचा खाल्ल्यास ना शाळेमागच्या? शंभरदा सांगितलं होतं आंबट खाऊ नकोस." पोराने खरंच खाल्ल्या होत्या, कोणतं पोर खात नाही? त्याने मान खाली घातली. ती वडखळ आलं तरी वर केली नाही. बस थांबल्यावर शरदराव त्याच्यासाठी वडापाव घ्यायला उतरले आणि खालीच उभं राहून रडले. पण वर येऊन शब्द काही मागे घेतला नाही.

पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. स्वरयंत्राच्या पडद्यांवर जखमेचा वण राहिलाय, म्हणाले, बोलता येईल, गाणं विसरा. निषादचं बोलणं कोरडी पानं तुडवल्यासारखं झालं. कॉलेजात मुलं त्याला 'घोगऱ्या' म्हणत. तो शिकला, बिरवाडीच्या एका कारखान्यात लागला, तिथेच खोली घेतली, अस्मिताशी लग्न केलं. वाईट चालीचा निघाला असता, बापावर चिडला असता, तर शरदरावांना जगणं सोपं गेलं असतं. पण तो चांगला निघाला. तेरा वर्षांत त्याने चिंच, कोकम, लोणचं, कशाला हात लावला नाही. जेवताना ताटातलं लिंबूही काढून ठेवी. नवी पेटी आणली त्या दिवशी पाया पडून म्हणाला होता, "अण्णा, तुमचं एवढं स्वप्न मी जिभेपायी घालवलं. ही तरी घ्या." शरदरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. तो हात झडला कसा नाही, असं त्यांनाच पुढे वाटत राहिलं.

कालिंदीबाई गेल्या त्या पुराच्या आदल्या वर्षी. शेवटच्या दुखण्यात त्या एकच मागत होत्या, "त्याला सांगा हो. त्याची चूक नाही एवढं तरी सांगा." शरदराव "सांगतो" म्हणाले होते. पण सांगितलं तर पोर तुटेल, आणि बायको गेल्यावर ते एवढं एकच माणूस उरलं होतं. रविवार मागून रविवार गेले. निषाद आणि अस्मिता दर रविवारी बिरवाडीहून यायचे, घर झाडायचे, जेवायचे. शरदराव प्रत्येक रविवारी ठरवायचे आणि प्रत्येक रविवारी जेवून आडवे व्हायचे.

गेल्या रविवारी क्लासात आमोद आला होता, आईबरोबर. चौदा वर्षांचा, गोड गळ्याचा. "सर, वरच्या सा ला आवाज दोन होतोय," तो म्हणाला. शरदरावांनी त्याला एकदाच 'आ'कार लावायला सांगितला आणि पेटीचा भाता मिटला.

"ताई, याला आता गाऊ द्यायचं नाही," ते आमोदच्या आईला म्हणाले. "निदान वर्षभर."

"सर, पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. तुम्हीच काळी चारमध्ये बसवून दिलंत. एवढा एक महिना काढू कसातरी, मग देऊ विश्रांती."

शरदरावांच्या अंगाची आग झाली. हे वाक्य त्यांचंच होतं.

"एका महिन्यात जन्माचा गळा जातो, ताई!" ते ओरडले. "आंबट खाऊन, थंड पिऊन आवाज जात नसतो, ते आपण मोठी माणसं पोरांच्या माथी मारतो. फुटलेला आवाज जुन्या पट्टीत ओढला, की तो जातो! मला माझ्या बुवांनी पंधराव्या वर्षी सांगितलंय हे!"

आमोदची आई त्यांच्या खांद्यावरून मागे पाहत होती. दारात निषाद उभा होता, हातात औषधांची पिशवी, एक चप्पल पायात, एक काढलेली.

आई मुलाला घेऊन घाईने गेली. आत अस्मिता कुकर लावत होती. निषाद येऊन पेटीच्या पलीकडे बसला, लहानपणी बसायचा तिथेच.

"अण्णा," तो त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "हे तुम्हाला नंतर कळलं ना? डॉक्टरांनी सांगितल्यावर?"

त्याने बापाला पळवाट स्वतःच करून दिली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. निषादचे डोळे तेच मागत होते.

"नाही," शरदराव म्हणाले. "पहिल्यापासून माहीत होतं."

"अलिबागला?"

"त्याच्याही दोन महिने आधी. तू चिरकलास त्याच सकाळी."

"मग चिंचा?"

"चिंचांचं काही नव्हतं रे. मी खोटं बोललो."

निषाद उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, तोंड उघडलं. तेरा वर्षांत तो बापावर पहिल्यांदा ओरडत होता. पण बाहेर आली ती नुसती हवा, आणि तिच्यात अडकलेला एक खरखराट. त्याने पुन्हा छाती भरून घेतली, पुन्हा जोर लावला, मुठी आवळल्या. शब्द एकही झाला नाही. घशातून कफ घोळल्यासारखं येत राहिलं, आणि डोळ्यांतून पाणी.

अस्मिता आतून गरम पाण्याचा पेला घेऊन धावत आली. तिने नवऱ्याची पाठ चोळायला सुरुवात केली.

"अण्णा, पुन्हा ढास लागली का यांना?" तिने विचारलं.

निषाद बापाकडे पाहत होता.

"हो," शरदराव म्हणाले. "ढासच लागली."

निषादने तिच्या हातातला पेला घेतला आणि बापावरची नजर न काढता ते पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.