शेजारच्या काकूंचं गरम-थंड

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. तेवढ्या जोरावर कुणाबद्दल लिहायला बसलोय, माफ करा.

दुबईजवळच्या रास अल खैमात आमच्या शेजारी एक चिनी काकू राहायच्या. बाहेर डांबर वितळत असलं, तरी त्यांच्या हिशेबानं शरद लागला की त्या खडीसाखर घालून उकडलेली नाशपाती आणायच्या. "अभी हवा सूखा. भाभी, खाओ." आपल्याकडचा नवा पदार्थ दिला, की त्या एक घास खाऊन, पोटावर हात ठेवून, डोळे मिटून बसायच्या. मग निकाल द्यायच्या, "गरम" किंवा "ठंडा". आईही उष्ण-थंड मानणारी, म्हणून दोघींचं जमलं.

त्यांच्या मुलीचा गर्भ दोनदा टिकला नव्हता. पुन्हा दिवस गेले, तेव्हा बाळंतिणीला आईनंच खाऊ घालायचं म्हणून काकू चीनला निघाल्या. जायच्या आधी त्या आईला बेत सांगत होत्या. आलं, सुकी लाल बोरं, कच्च्या पपईचं सूप.

"पपई? पोटुशीला?" आई किंचाळलीच.

"बच्चे के बाद, भाभी! दूध के लिए!"

दोघी खूप हसल्या. मग काकूंनी हळूच विचारलं, "बच्चा आएगा ना?"

देवभोळी आई पटकन म्हणाली, "इन्शाल्ला, आएगा."

पुढे कित्येक महिने काहीच कळेना आणि विचारायचं धाडसही होईना. एकदा जिन्यात त्यांचे अबोल यजमान भेटले. मला पाहून ते थांबले.

"लडकी," ते म्हणाले. "दोनों अच्छा."