लीलाधरच्या पिकअपची शांतता

लीलाधरभाऊला हळू बोलता येत नाही. माझ्या दुकानात उभा राहून तो "चहा सांग ना, गोपालभो" म्हणाला, की मी कोणाला सांगायच्या आतच रस्त्यापलीकडचा चहावाला दोन कप घेऊन येतो. त्याच्या घशात दोष नाही, दोष गाडीत आहे. चोवीस वर्षं तो पिकअप चालवतोय. आधीची होती ती याहून मोठ्यानं बोलायची. पत्र्याच्या खडखडाटावर आवाज चढवायची एकदा सवय लागली, की माणूस देवळातसुद्धा तसाच बोलतो.

राहायला तो साक्रीच्या पुढे, एका खेड्यात. धंदा मिरची-मसाल्याचा. मागे मिरचीची पोती, पुढे तो आणि त्याची बायको वच्छलाबाई. आज साक्रीचा बाजार, उद्या पिंपळनेरचा, परवा आणखी कुठला. पोरगी शीतल चोपड्याला दिली, घरात म्हातारे आबा, भाऊ, भावजय, त्यांची पोरं. अकरा माणसं आणि एक ओटा.

माझं धुळ्यात सीट कव्हरचं दुकान आहे. सीट कव्हर, मॅट, आणि चारचाकीवाल्यांना हौस आली तर आतून आवाज बंद करून देणं. हे शेवटचं काम माझ्या हातचं चांगलं आहे, हे मी स्वतःच सांगतो. कारण दुसरं कोणी सांगत नाही. पण पिकअपवाल्यानं ते करून मागितलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

लीलाधर पौषात एका सकाळी आला आणि म्हणाला, "गोपालभो, मन्ही गाडी गप करी दे."

"लीलाधरभाऊ, पिठाच्या गिरणीत कधी गादी अंथरतात का?" मी म्हटलं. "पिकअप आहे ती. ओरडणारच."

"माले मन्ही बायकोनं बोलनं ऐकनं शे!"

हे त्यानं त्याच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं. एक स्कूटरवाला थांबून मागे वळून बघायला लागला. शेजारचा टायरवाला पान्हा हातात घेऊन बाहेर आला. असली मागणी आमच्या रस्त्यावर पहिल्यांदाच आली होती.

भानगड म्हशीची होती. वच्छलाबाई गाडीत बोलायची, त्याला शब्द ऐकू यायचा नाही, आणि तो दर वाक्याला मान हलवून "हा, हा" करायचा. चोवीस वर्षांचा संसार या मानेवर सुखात चालला होता. मग एका रविवारी तो ओट्यावर दाढी करत असताना त्याचा मेहुणा चिंधा एक म्हैस घेऊन आला, दाराशी बांधली, वैरणीची पेंढी टाकली आणि चहा पिऊन निघूनही गेला. आबांनी विचारलं, "ही कोनी म्हैस शे रे?" लीलाधरनं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "चिंधाभाऊनी. त्यास्ना गोठा पडना ना. पिंपळनेरना रस्ताले तुम्हीच त हा म्हनात."

म्हैस तापट होती. पहिल्याच संध्याकाळी तिनं आबांचं धोतर खाल्लं. त्यानंतर आबा सात दिवस लीलाधरशी बोलले नाहीत, आणि त्या सात दिवसांत लीलाधरच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली: मी आजवर आणखी कशाकशाला हा म्हटलं असेल?

मी काम घेतलं. दोन दिवस लागले. सीट काढली, खालची मॅट उचलली, आणि तिथून दोन मुठी मिरचीचं बी, शीतलचं शाळेतलं कंपासपेटीचं झाकण आणि एका पायातली चप्पल निघाली. मिरचीच्या धुळीनं मी दिवसभर शिंकत होतो. दाराच्या पोटात, छताला, जमिनीला आणि इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला जाड चिकट शीट लावली, रोलरनं दाबून दाबून बसवली. पत्रा थरथरतो म्हणून आवाज होतो. अंगावर वजन आलं की तो गुमान बसतो. वरून फोम, दाराला नवीन रबर. शेवटी दार लावलं तर पूर्वीचं 'खडाड' जाऊन 'थप्प' आलं. मी ते दार पाच वेळा उघडून लावलं. आपल्या हातचं काम चांगलं झालं की माणसाला एवढं चालतं.

"काचा बंद ठेवायच्या," मी बजावलं. "काच उघडी तर सगळं पाण्यात. आता थंडी आहे तोवर ठीक, वैशाखात काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

बायकोला त्यानं सांगितलं, गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. इथं चुकला. तिला आधी सांगायला हवं होतं, हे मला आता कळतं, आणि कळून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं पिंपळनेरच्या बाजाराला निघाले. थंडी म्हणून काचा बंद. गावाचं वळण संपलं, शेवटचं घर मागे पडलं, आणि वच्छलाबाईनं समोरच्या रस्त्याकडे बघत, पदर नीट करून, रोजच्या सवयीनं तोंड उघडलं:

"लीलाधर! आबानं औषध तुले याद ऱ्हास, मन्हा गुडघा तुले याद ऱ्हास नही? मानूस शे का बैल शे तू?"

लीलाधरनं करकचून ब्रेक मारला. मागची पोती पुढे येऊन आदळली.

आता आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. वच्छलाबाईनं ते लग्नात उखाण्यात घेतलं होतं, आणि त्यानंतर एकदा बँकेतल्या साहेबानं फारच अडवून धरलं तेव्हा शीतलकडून वदवलं होतं. घरात ती त्याला 'अहो' म्हणायची, तेही हळू. आणि इथं नाव, वर 'तू', वर बैल. ते तोंडातून इतकं सराईत आलं, की हे आजचं नाही, हे चोवीस वर्षांचं आहे, हे त्या बैलालाही समजलं.

तिनं पदर तोंडावर धरला. "तुम्हले ऐकू उनं?"

"बठ्ठं," लीलाधर म्हणाला. म्हणजे सगळं.

मग त्यानं पोती मागे सारली आणि गाडी पिंपळनेरला काढली. त्या दिवशी मिरची विकताना दोघं पाठीला पाठ लावून बसले होते, असं तो म्हणाला.

चार दिवसांनी लीलाधर दुकानात. "गोपालभो, डॅशबोर्ड चूं चूं करस." मी बघितलं. मोठा आवाज गेला की लहान आवाज डोकं वर काढतात, हे मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो. एक स्क्रू आवळला. त्याच वेळी त्यानं बायकोच्या बाजूला चढायला लोखंडी पायरी लावून मागितली, बुटकी, रुंद. "तिना गुडघा..." एवढंच म्हणाला आणि टायरवाल्याच्या दुकानाकडे बघत उभा राहिला. मी पायरी वेल्डिंगवाल्याकडून चांगली जाड करून घेतली.

पुन्हा आला तेव्हा तक्रार होती की खिशातली चिल्लर वाजते. त्यानंतर म्हणाला की स्वतःचं पोट गुरगुरलेलं ऐकू येतं. मी म्हटलं, त्याला माझ्याकडे शीट नाही.

अकराव्या दिवशी तो आला आणि चहासुद्धा मागितला नाही.

"बठ्ठं काढी टाक," म्हणाला.

"काय काढू?"

"शीट. फोम. बठ्ठं. गाडी पहिले व्हती तशी करी दे."

मला राग आला. दोन दिवस मी त्या गाडीत उताणा पडून शिंकलो होतो. "लीलाधरभाऊ," मी म्हटलं, "ही शीट निघत नाही. निघाली तर रंग घेऊन निघते. आणि मी काय इथं चिकटवायला आणि उपटायला बसलोय? ऐकायचं होतं ना बायकोचं? ऐका की!"

"ती बोलतच नही," तो म्हणाला.

मग तो स्टुलावर बसला आणि सांगायला लागला. घरात अकरा माणसं. आबांचे कान तिखट, भावजयीची जीभ तिखट. वच्छलाबाई घरात सांगितलेलं काम करते, विचारलं तर उत्तर देते. माहेर लांब, शीतलशी फोनवर बोलायचं तर समोर चार माणसं बसलेली. तिला मनातलं बोलायला जागा होती ती एकच, गाडीतली, जिथं कोणाला ऐकू जात नव्हतं. तिथं ती भांडायची, रडायची, कधी कानबाई देवीची गाणी म्हणायची, हे त्याला तिच्या तोंडाकडे बघून कळायचं. तो मान हलवायचा. "ती बोले, मी मान हालाडू. आमनं चांगलं चाली ऱ्हायनं व्हतं भो. मी तिनी जागा लई लिधी."

तिची जागा आपण घेतली, हे सांगताना त्याचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं, आणि आपण चांगलं केलेलं काम कोणाला तरी नडलं म्हणून थोडी लाजही वाटली. पण शीट निघत नाही म्हणजे निघत नाही.

मी उठलो, गाडीत बसलो आणि हँडल फिरवून दोन्ही काचा पूर्ण खाली केल्या. "चालवा," म्हटलं. बायपासपर्यंत गेलो. पन्नासच्या वर काटा गेला तसं वारं आत घुसलं, मागच्या फाळक्याची साखळी वाजायला लागली, शेजारून ट्रक गेला. मी ओरडून त्याला विचारलं, "मी काय म्हणतोय?"

"हा, हा," लीलाधर मान हलवत म्हणाला.

परत येताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो माझ्यावरच उखडला. "मंग दोन दिन ती शीट कसाले चिकटाडी?" गिऱ्हाईक असंच असतं.

पुढचं त्यानं मला महिन्याभरानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावाचं वळण संपलं तसं त्यानं आपली काच खाली केली. थंडीचं वारं आत आलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मफलर कानावरून घट्ट गुंडाळला. थोड्या वेळानं तिनंही आपलं हँडल फिरवून काच खाली केली आणि सुरू झाली. साक्री येईपर्यंत बोलत होती. हात हलत होते, बांगड्या वर-खाली होत होत्या. ह्यानं काही ऐकलं नाही. दर वाक्याला मान हलवली, फक्त 'हा' तोंडातून काढलं नाही. दाराशी अजून ती एक म्हैस होतीच. दोघांना सर्दी झाली. सर्दी मिरचीनं झाली, असं म्हणे घरी सांगितलं.

असं रोज चाललं. जाताना काचा खाली, येताना काचा खाली.

"आनि परवा," लीलाधर म्हणाला.

परवा पिंपळनेरहून परत येताना ती बोलता बोलता मध्येच गप्प झाली. ह्याला वाटलं, झालं आजचं. तर तिनं आपल्या बाजूचं हँडल धरलं आणि हळूहळू फिरवत काच वर केली, पार वरपर्यंत. मग त्याच्याकडे बघत राहिली. त्याला कळलं. त्यानंही आपली काच वर केली. गाडीत सगळं शांत झालं.

"मंग?" मी विचारलं.

लीलाधरनं टायरवाल्याकडे बघितलं, स्टूल माझ्याजवळ सरकवलं आणि इतक्या हळू बोलला की मला कान पुढे करावा लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"म्हने, लीलाधर, भूक लागनी शे."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करसू? गाडी उभी करी आनि भजा खादात."

चहावाल्याला त्या दिवशी चहाचं मला उठून सांगावं लागलं.