झालरचा एडिटर आणि एक अक्षर

ऑफिसात त्याला सगळे झालर म्हणत. नाव ठेवलं त्याच्या बायकोनेच. ऑफिसच्या सहलीत ती सहज म्हणून गेली, "ह्यांना साधा रुमाल दिला तरी झालर लावून घेतील," आणि तेव्हापासून खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं. त्याच्या चष्म्याला दोरी होती, दोरीला मणी आणि मण्यांमध्ये एक शिट्टी. शिट्टी कशाला, विचारलं की म्हणायचा, "असू दे, लागते कधीतरी."

झालर प्रोग्रामर होता आणि कामाला वाईट नव्हता. कोड लिहायचा एडिटर म्हणजे मुळात पाटी. लिहा, पुसा, जपून ठेवा. पण झालरच्या पाटीवर अक्षरांपेक्षा वऱ्हाडच जास्त. एडिटरला जोडायचं फुकटचं एक्स्टेन्शन, म्हणजे जादा करामतीचा तुकडा, दिसलं की त्याने उतरवून घेतलंच. टाइप केलं की ठिणग्या उडत. ओळ संपली की टाळ्या वाजत. तळाशी एक मांजर येरझाऱ्या घाली, कोपऱ्यात चंद्राची कला दिसे, आणि अधूनमधून एक बाई इतक्या खणखणीत आवाजात "पाठ सरळ करा!" म्हणे, की शेजारपाजारचेही दचकून ताठ बसत. हा गोतावळा जागा होईपर्यंत झालरचा चहा पिऊन कपही विसळून व्हायचा.

त्यात त्याने आणखी एक पाहुणा आणला. दोन अक्षरं लिहिली की पुढचं हा स्वतःच लिही, आणि एखादा शब्द पटला नाही तर परस्पर बदलून टाकी. "मनकवडा आहे," झालर कौतुकाने सांगे.

त्या सुमारास ऑफिसने दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचं काम घेतलं होतं. पेशंटला आदल्या दिवशी फोनवर निरोप जायला हवा, एवढंच. झालरने लिहिलं, 'उद्या आपला दात काढला जाईल. कृपया वेळेवर यावे.' मनकवड्याला 'दात' काही रुचला नाही. त्याने तो बदलला. टाळ्या वाजल्या, झालर खूश झाला, आणि काम दवाखान्यात चालू झालं.

पहिल्याच दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"अहो, काय लिहिलंय हे? 'उद्या आपला हात काढला जाईल'? लोक विचारताहेत, उजवा की डावा! आणि निरोप अजून जातच आहेत!"

मॅनेजरबाई धावत येऊन झालरच्या पाठीशी उभ्या राहिल्या. "एक अक्षर बदलायचंय. ह चा द कर."

"आत्ता करतो," म्हणून झालरने एडिटर उघडला. मांजर आलं. चंद्र उगवला. ठिणग्यांचा नवा रंग हवा का, अशी विचारणा झाली. नको. नक्की नको? नक्की. मग उद्या आठवण करू का? तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. सासूबाई होत्या. त्यांची दाढ त्याच दवाखान्यात दाखवलेली.

"जावईबापू," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "दाढ दुखतेय हे खरं, पण हात काढण्याइतकी नाही हो."

"आई, ती चूक झालीय, मी आत्ता..."

"विणायला दोन्ही लागतात म्हणून म्हटलं. तुमचाच स्वेटर अर्धा राहिलाय."

झालरने मोबाइल खांद्यात धरून 'दात' लिहिलं. मनकवड्याने 'हात' केलं. टाळ्या. पुन्हा 'दात'. पुन्हा 'हात'. पुन्हा टाळ्या.

"टाळ्या कसल्या वाजवतोयस?" मॅनेजरबाई कडाडल्या.

"मी नाही, बाई, तो..."

"पाठ सरळ करा!" एडिटरमधली बाई ओरडली. मॅनेजरबाई खाडकन ताठ झाल्या, आणि ताठ झालो हे लक्षात येताच लालबुंद. तेवढ्यात पडद्यावरचं सगळंच थिजलं. मांजराचा एक पाय हवेत तो हवेतच.

"बंद कर ही जत्रा! कंप्युटरबरोबर साधं काही आलं नव्हतं का लिहायला?"

आलं होतं. झालरने ते जन्मात उघडलं नव्हतं. बोट लावताक्षणी उघडलं. पांढरं पान आणि लुकलुकणारी एक रेघ. झालरला रस्त्यात उघड्यावर अंघोळीला बसवल्यासारखं झालं. त्याने ह पुसला, द लिहिला, जपून ठेवलं. ना ठिणगी उडाली, ना टाळी वाजली. निरोप सुधारला.

ज्यांना आधीचा गेला होता, त्यांना फोन करायची शिक्षा अर्थात झालरलाच मिळाली. "आपला हात सुरक्षित आहे," तो प्रत्येकाला सांगत होता. एक आजोबा मात्र चिडले. "म्हणजे नुसता दातच? मग धाकट्या भावाशी मी उगीच समेट केला की हो!"

संध्याकाळी झालरने एकेक पाहुणा घालवायला घेतला. प्रत्येक जण जाताना विचारी, 'आम्हाला का काढता?' झालरने मनकवड्याला खरं कारण लिहायला घेतलं, तर त्याने तेही वाक्य बदलून 'आपण फार आवडलात' असं केलं. मग काही न लिहिताच निरोप दिला. मांजराला घालवणं जमलं नाही. त्याला फक्त झोपवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन आला. झालरने जीव मुठीत धरून तो उचलला. पण बाई मजेत होत्या. इतके हसतमुख पेशंट त्यांनी कधी पाहिले नव्हते. हात शाबूत आहे ना, मग दात खुशाल घ्या, म्हणत जो तो आपणहून खुर्चीत बसत होता.

"तुमच्या सासूबाईंनी तेवढा त्रास दिला," बाई म्हणाल्या. "दोन्ही हात शालीखाली घट्ट दाबून बसल्या होत्या. सहीसुद्धा करेनात."