मंजुळाबाईंचा उजवा गुडघा

माझ्या सासूबाई, मंजुळाबाई, म्हणजे आमच्या आई, पारोळ्यात पुरणाचे मांडे करण्यात प्रसिद्ध. पुरण भरलेली पोळी हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरायची आणि तापल्या खापरावर अलगद टाकायची, हे आपल्यासारखं कुणाला जमत नाही, असं त्यांचंच मत. दुसऱ्या कुणाचं मत त्या ऐकून घेत नाहीत.

त्यांच्या डोळ्यांत सलायची एकच व्यक्ती: त्यांची धाकटी जाऊ, कोकिळाकाकू. दोघींनी जळगावात एकाच डॉक्टरांकडे गुडघे बदलून घेतले. काकू भाजीची पिशवी घेऊन भराभर फिरू लागल्या. आईंचा उजवा गुडघा मात्र ठणकतच राहिला. काकू दारावरून ताठ चालत गेल्या की आईंचा नुसता जळफळाट.

"तिले चांगला बसाडा, माले उरेल!" डॉक्टरांनी काकूंना चांगला सांधा बसवला आणि आपल्याला उरलासुरला, अशी त्यांची खात्रीच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघींना एकाच घरी मांडे करायला बोलावलं. आईंच्या गुडघ्यावर, ऑपरेशनच्या टाक्यांजवळ तेव्हा बारीक भोक पडून पाणी येत होतं. मी दवाखान्याचं नाव काढलं, तर माझ्यावरच डोळे वटारले. "कोकिळाले समजाले नको!" हळद दाबून फडकं बांधलं आणि काकूंपेक्षा जास्त वेळ चुलीपुढे उभ्या राहिल्या. काकूंचा एक मांडा फाटला तेव्हा आईंचा चेहरा असा खुलला, की मलाच लाज वाटली.

शेवटी ताप चढला, तेव्हा त्यांना जळगावला नेलं.

"सांध्यात जंतू झालेत. हे जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतात," डॉक्टर म्हणाले. "तिथं ते गुमान राहतात. पण ऑपरेशनच्या वेळी थोडे आत शिरले आणि धातूच्या सांध्याला चिकटले, की स्वतःभोवती बुळबुळीत थर करतात, टाकीतल्या शेवाळासारखा. मग औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. लवकर आला असता तर कदाचित धुऊन भागलं असतं. आता सांधा काढावाच लागेल. आतलं सगळं बरं झालं, तरच नवा बसवू."

"चालता येईल ना परत?" मी विचारलं.

"प्रयत्न करू."

आईंचा प्रश्न निराळाच. "कोकिळाना आंगवर बी शेतस का ते?"

"असणारच."

"मंग तिले का बरं काही व्हयनं नही?"

"तसं सांगता येत नाही, आजी. कुणाला होतं, कुणाला नाही." हे उत्तर आईंना अजिबात पटलं नाही.

सांधा काढला. त्या जागी औषध भरलेलं सिमेंट बसवलं आणि कित्येक महिने वॉकरवर काढायचे ठरले. माझी शाळेची नोकरी. दिवसा त्यांच्याजवळ कोण राहणार? कोकिळाकाकू न बोलावता आल्या. आईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

काकूंनी त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं. आईंची नजर काकूंच्या पायांवर खिळली होती. एकाएकी त्यांना रडू फुटलं.

"कोकिळा, तुना बी गुडघा सडो, असं मी देवले सांगेल व्हतं."

"माले माहित शे, अक्का," काकू म्हणाल्या. "मना खांदावर हात ठेवा."