दाजींच्या लेथचं राहिलेलं काम

न्हावऱ्याहून आक्काचा फोन आला तेव्हा मागे मोटरचा आवाज ऐकू येत होता. "तुझं दाजी गेलं," ती म्हणाली, आणि लगेच, "हे मशीन कुठनं बंद करत्यात रं?" स्टुलावर बसल्या बसल्या दाजींचं हृदय थांबलं होतं, लोखंड कातायचा त्यांचा लेथ मात्र चालूच होता. तो कुठून बंद करतात हे मलाही माहीत नव्हतं.

निवृत्तीनंतर दाजींनी दौंडच्या भंगारवाल्याकडून गंजलेला जुना लेथ टेम्पोत घालून आणला. म्हैस विकली आणि गोठ्यात तो बसवला. "म्हस दूध तरी देत हुती," आक्का म्हणाली. "ह्याला वैरण लागत न्हाई," दाजी म्हणाले. मग रोज दुपारी तेच. लेथच्या बेडवर, म्हणजे त्याच्या लोखंडी पाठीवर, निळा रंग लावलेली सपाट पट्टी घासायची, रंग उमटेल तो उंचवटा पात्याने खरवडायचा, पुन्हा पट्टी... जे काही त्यावर बनलं ते त्याचेच स्क्रू, त्याचंच हँडल. कुणी पंपाचा शाफ्ट घेऊन आलं की शिरूरला पाठवायचे. खंडेनवमीला पूजा व्हायची, पण हळदकुंकू मोटरच्या झाकणाला. बेडला पाण्याचं बोट लावू द्यायचे नाहीत. जेवायला हाक मारली की उत्तर ठरलेलं, "थोडं राहिलंय."

दहाव्याला एका पुढाऱ्याने, दाजींनी तालुक्यात यंत्रयुगाचा पाया घातला, असं सांगितलं. गावात कुणाला साधा बोल्टही न दिलेल्या माणसाने हा पाया कधी घातला, ते मला कळेना. भाषण संपवून त्यांनी आदराने लेथवरच नारळ फोडला. पाणी बेडवर सांडलं. आक्का उठली आणि त्यांच्यादेखत पदराने बेड कोरडा करू लागली.

दाजींचं अर्धवट राहिलेलं काम कुणीतरी पुरं करावं, एवढंच तिच्या मनात होतं. म्हणून मी लेथवरच आयुष्य काढलेल्या दौंडच्या बेंजामिन टर्नरला बोलावलं. पुरं करणार असेल तर लेथ त्याचा. त्याने एक सळई लावली, पातळ काप घेतला, दोन्ही टोकांची जाडी मायक्रोमीटरने मोजली. पुन्हा मोजली.

"आक्का, ह्यात कायच राहिलं न्हाई. लई दिसांपूर्वी झालंय हे."

"नीट बघ की."

"बघितलं. दोन्ही टोकं अगदी सारखी. नव्या मशीनवर असं निघत न्हाई."

आक्का चौकटीला धरून उभी राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मंग रोज हितं काय करत हुते? माझ्यापाशी घरात बसायला काय हुतं?"

दाजींना ती नकोशी होती असं मला कधी वाटलं नाही. हवीशी होती असं त्यांनी दाखवल्याचंही आठवत नाही. कदाचित काम संपलं असं म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी करायचं काय, हा प्रश्न असेल... की आणखी काही? बेंजामिन चहा न घेता रिकामा टेम्पो घेऊन गेला.

परवा दुपारी फोन केला, तर मागे पुन्हा तो आवाज.

"काय करतीस?"

"तेल घालून चालू केलंय. स्टुलावर बसलीय."

"कशाला?"

"बघती, काय दिसत हुतं त्यास्नी हितनं."

"दिसलं काय?"

"न्हाई अजून," आक्का म्हणाली. "ठेव आता."