चाकाखालची कादंबरी

धारूरच्या चढावर भरलेला टँकर मागं घसरायला लागला, आणि आम्ही बाया नेमक्या त्याच्या मागं घागरी घेऊन उभ्या. साखर कारखान्याच्या या टँकरचा ड्रायव्हर दुष्काळभर आम्हाला पाणी द्यायचा आणि घागरी भरेपर्यंत बाभळीखाली वाचत बसून मतं ऐकवायचा. प्रेमकथा म्हणजे नुसती रडारड, प्रवासवर्णन म्हणजे मिरवणं. त्यानं बाभळीखालून धावत येऊन हातातली जाडजूड कादंबरी चाकाखाली कोंबली. टँकर थबकला, तेवढ्यात आम्ही दगड लावले.

"दुसरंबी पुस्तक होतं की हातात. हीच काहून घातली?" मी विचारलं.

"मावशी, ती रहस्यकथा हाय. खुनी अजून सापडला न्हाई."

"आन् ही?"

"हिचा शेवट लई भिकार."

कादंबरीची शेवटचीच पानं फाटली. आम्ही साऱ्याजणी जगलो.