भिंतीतली अक्षरं

लेक पाच वर्षांची असताना आम्ही सुरतेत गोडादऱ्याला खोली बदलली. शाळा गुजराती, म्हणून मराठी मीच घरी शिकवायची. नवरा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये गेला की मी ताटात रवा पसरायची. ती बोटानं अक्षर गिरवायची, मग डोळे मिटून तेच पुन्हा.

आम्ही 'ग'पर्यंत आलो होतो. एका दुपारी ती कोपऱ्यातल्या भिंतीशी बसली होती, डोळे मिटून. मग तिनं रव्यात एक अक्षर काढलं.

"आई, हे कोणतं?"

'म' होता. मी शिकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं 'ल' काढला. शाळेत कुणी दाखवलं असेल म्हणून मी सोडून दिलं.

महिनाभरानं त्याच कोपऱ्यातून तिचा आवाज आला. "मा…य. मा…ले. ल…ई जा…य."

मी पोळी लाटायची थांबले. आम्ही नगरकडचे, घरात अहिराणी कुणी बोलत नाही. भिंत पांढरीफटक, नुकता चुना दिलेली. भिंतीवर फिरणाऱ्या तिच्या बोटाशेजारी मी बोट ठेवलं. चुन्याखाली खाचा लागल्या. माय, माले लई जाय. आई, मला घेऊन जा. अक्षरं गुडघ्याच्या उंचीवर, लहान पोराची असावीत तशी वाकडी.

मी खाली घरमालकिणीला विचारलं, "मावशी, आधीच्या भाडेकरूंना मुलगी होती का?"

"ना बेन, एकही मूल नव्हतं," ती म्हणाली. "बाई खानदेशातली, शाळा न पाहिलेली. अंकलिपी आणून एकटीच शिकायची. दुपारभर जमिनीवर बसून पिनेनं भिंत कोरायची. एक दिवस दार उघडं, गॅसवर भात, चपला दारात, आणि ती नाही. नवऱ्यानं फार शोधलं."

"माहेरी गेली असेल."

"माहेरी कोण? आई तर तिच्या लग्नाआधीच वारलेली."

वर आले तर लेक भिंतीशीच होती.

"आई, तिची आई आली का गं?"

"आली," मी म्हणाले, आणि कपाट ओढून त्या कोपऱ्यात लावलं.

त्याच आठवड्यात गावाहून आलेल्या पिशवीत एक मराठी पेपर निघाला. लेकीनं तो जमिनीवर पसरला आणि एक अख्खी ओळ न अडखळता वाचली. वर मान करून ती शाबासकीसाठी माझ्याकडे बघत होती. मी तिच्या ओठांकडे बघत राहिले, पुढचा शब्द पेपरातला येतो की भिंतीतला म्हणून.